ऑटिझमची मुलं वाढली, की मोजणी वाढली? एका शब्दाचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधला खोकला आणि सतराशे साठ वेळा आलेलं "म्हणजे बघा" कमी केलंय.

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण त्यात राजा नाही, लढाई नाही. एका शब्दाचा इतिहास आहे. शब्द आहे ऑटिझम. मराठीत आपण त्याला स्वमग्नता म्हणतो.

तुमच्या फोनवरही ती रील आली असेल. अमेरिकेत २००० साली आठ वर्षांच्या दर १५० मुलांमागे एका मुलाला ऑटिझम होता, २०२२ मध्ये तो दर ३१ मुलांमागे एकावर आला. आकडा खरा आहे. तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेनेच २०२५ च्या एप्रिलमध्ये तो जाहीर केला. पण रीलमध्ये आकड्यानंतर लगेच घाबरवणारं संगीत सुरू होतं आणि कारणांची यादी येते. लस, मोबाईल, गोळ्या, बाहेरचं दूध. मग ती रील कोणीतरी घरच्या ग्रुपवर टाकतं. आणि ज्या घरात दोन-अडीच वर्षांचं लेकरू अजून बोलत नाही, त्या घरातली माय ती बघून रात्रभर जागी राहते.

तर आज दोनच प्रश्न घेऊ. हा आकडा वाढला कसा? आणि आपल्या घरात असं लेकरू असेल तर करायचं काय?

३० जून १९९८ ची रात्र

सुरुवात आपल्या वाशिमपासून करू. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अस्तित्वात आला. त्याआधी हा सगळा भाग अकोला जिल्ह्यात होता. म्हणजे ३० जूनच्या रात्री कागदावर "वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या" असं काही नव्हतंच. २०११ च्या जनगणनेत तीच लोकसंख्या जवळपास १२ लाख निघाली. आता कोणी म्हणेल का, की तेरा वर्षांत शून्यातून बारा लाख माणसं आली? नाही म्हणणार. माणसं होतीच. रिसोडला होती, कारंज्याला होती, मानोऱ्याला होती. फक्त ती अकोल्याच्या रकान्यात मोजली जात होती.

हे डोक्यात ठेवा, कारण ऑटिझमच्या आकड्याची निम्मी गोष्ट हीच आहे.

त्याच २०११ च्या जनगणनेत दिव्यांग व्यक्तींचीही नोंद झाली. पाहणं, ऐकणं, बोलणं, हालचाल, मतिमंदत्व, मानसिक आजार, इतर आणि एकापेक्षा जास्त अपंगत्व, असे आठ प्रकार होते. यात ऑटिझम कुठे आहे? कुठेच नाही. प्रगणक एखाद्या घरी गेला, घरच्यांनी सांगितलं "पोरगं बोलत नाही", की तो "बोलणं" या प्रकारात टाकणार. "समजत नाही" म्हटलं की "मतिमंदत्व". आणि घरच्यांनी सांगितलंच नाही, तर मग काहीच नाही.

गावात तरी या मुलांना काय म्हणायचे? भोळा. येडा. मुका. देवमाणूस. "त्याच्याच तंद्रीत राहते." मोठेपणी तो माणूस देवळाच्या ओट्यावर बसलेला दिसायचा, नाहीतर एकच एक काम आयुष्यभर इमानानं करताना दिसायचा. ढोरं न्यायची, ढोरं आणायची, वेळ एक मिनिट चुकणार नाही. त्याला काय आहे, हे कोणी विचारलं नाही, कारण उत्तराला शब्दच नव्हता.

शब्द कुठून आला

ऑटिझम हा शब्द स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९१० च्या सुमारास वापरात आणला. ग्रीक भाषेत "ऑटोस" म्हणजे स्वतः. पण ब्लॉयलर बोलत होते स्किझोफ्रेनियाच्या मोठ्या रुग्णांबद्दल, जे जगापासून तुटून स्वतःतच मिटून जातात. लहान मुलांशी या शब्दाचा तेव्हा संबंध नव्हता.

१९२५ मध्ये मॉस्कोत ग्रून्या सुखारेवा नावाच्या डॉक्टरबाईंनी सहा मुलग्यांचं फार बारकाईनं वर्णन लिहिलं. आज ते वाचणारे तज्ज्ञ म्हणतात, हा तर ऑटिझमच. पण जगाने त्यांच्याकडे कितीतरी दशकं लक्ष दिलं नाही.

मग आलं १९४३. अमेरिकेत बाल्टिमोरला लिओ कॅनर नावाचे बालमनोविकारतज्ज्ञ होते. त्यांनी ११ मुलांवर लेख लिहिला. आठ मुलगे, तीन मुली. ही मुलं माणसांपेक्षा वस्तूंत रमायची, ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणायची, रोजच्या गोष्टीत थोडा बदल झाला तरी बिथरायची. यातल्या पहिल्या मुलाचं नाव डोनाल्ड ट्रिपलेट. मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहान गावाचा. त्याच्या वडिलांनी कॅनरना मुलाबद्दल तब्बल ३३ पानांचं पत्र पाठवलं होतं.

डोनाल्डचं पुढे काय झालं? तिसऱ्या-चौथ्या वर्षी डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवलं होतं. आईबापांनी साधारण वर्षभरात त्याला परत आणलं. तो गावात वाढला, शिकला, गावातल्याच बँकेत नोकरी केली, गाडी चालवली, गोल्फ खेळला, कितीतरी देश एकट्याने फिरला. २०२३ मध्ये, ८९ व्या वर्षी तो वारला. ऑटिझम बरा झाला नव्हता, शेवटपर्यंत होता. पण गावाला तो माहीत होता आणि गावाने त्याला आपला मानला होता. घरची परिस्थिती चांगली होती हेही खरं, ते विसरायचं नाही.

कॅनरच्या पाठोपाठ १९४४ मध्ये व्हिएन्नात हान्स आस्परगर यांनी चार मुलांवर लिहिलं. ही मुलं भरपूर बोलणारी होती, पण चारचौघांत मिसळता न येणारी. पुढे "आस्परगर सिंड्रोम" हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. मात्र २०१८ मध्ये जुन्या कागदपत्रांतून पुढे आलं, की नाझी राजवटीत आस्परगर यांनी काही अपंग मुलांना अशा ठिकाणी पाठवलं होतं, जिथे मुलांना मारलं जात होतं. नाव देणारा हातही कधी कधी घातक असतो, हे या इतिहासातलं काळं पान आहे.

आळ आला आईवर

आता या गोष्टीतला सगळ्यात वाईट भाग. १९५० आणि ६० च्या दशकात अमेरिकेत एक मत पक्कं झालं, की मुलाला ऑटिझम होतो तो आईच्या थंडपणामुळे. आई प्रेम देत नाही, म्हणून मूल आत मिटतं. अशा आयांना नावच पडलं होतं "फ्रिज आई". कॅनर यांच्या लिखाणातून या समजाला बळ मिळालं आणि शिकागोच्या ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकातून तो घरोघरी पोहोचवला. विचार करा. लेकरू जवळ येत नाही म्हणून आधीच खचलेली आई, आणि डॉक्टर तिलाच सांगतो, की दोष तुझा आहे.

हे मोडून काढलं एका बापाने. बर्नार्ड रिमलँड अमेरिकन नौदलात मानसशास्त्रज्ञ होते. त्यांच्या मुलाला ऑटिझम होता. त्यांनी असलेलं सगळं संशोधन वाचून काढलं आणि १९६४ मध्ये पुस्तक लिहून दाखवलं, की हे मेंदूच्या जडणघडणीचं प्रकरण आहे, आईच्या मायेचं नाही. १९६९ मध्ये खुद्द कॅनर पालकांच्या सभेत उभे राहिले आणि तुमच्यावर दोष नाही, असं त्यांनी जाहीर सांगितलं. १९७७ मध्ये जुळ्या मुलांचा अभ्यास आला. एकसारख्या जुळ्यांत एकाला ऑटिझम असेल तर दुसऱ्यालाही असण्याची शक्यता खूप जास्त दिसली. म्हणजे मुळं बऱ्याच अंशी जनुकांत आहेत.

अमेरिकेत हा आळ पन्नास वर्षांपूर्वी पुसला गेला. आपल्याकडे? "हिनं गरोदरपणात गिराण पाळलं नाही." "हिच्या माहेरी असेलच कोणीतरी." "दिवसभर मोबाईलवर असते, लेकराशी बोलत नाही." वाक्यं वेगळी, आरोपी तीच. आणि याचा थेट परिणाम लेकरावर होतो. ज्या आईला माहीत आहे की तोंड उघडलं तर आपल्यावरच येणार, ती वर्षभर गप्प बसते. ते वर्ष लेकराच्या कामाचं असतं.

मग आकडा वाढला कसा?

१९६६ मध्ये इंग्लंडच्या मिडलसेक्स भागात व्हिक्टर लॉटर यांनी पहिली मोठी मोजणी केली. दर दहा हजार मुलांमागे साडेचार निघाली. त्यांची व्याख्या कॅनरची होती, म्हणजे अगदी ठळक लक्षणं असलेलीच मुलं धरायची.

१९७९ मध्ये लंडनच्या कॅम्बरवेल भागात लोर्ना विंग आणि ज्युडिथ गूल्ड यांनी पुन्हा पाहिलं. विंग स्वतः डॉक्टर आणि ऑटिझम असलेल्या मुलीची आई. त्यांना दिसलं, की व्याख्येच्या चौकटीबाहेरही कितीतरी मुलांना तशाच अडचणी आहेत. कोणाला जास्त, कोणाला कमी. इथूनच "स्पेक्ट्रम" ही कल्पना पुढे आली. ज्वारीच्या कणसांसारखं समजा. सगळी ज्वारीच, पण एक दुसऱ्यासारखं नाही.

पुढे अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या निदान पुस्तिकेत ऑटिझमला १९८० मध्ये स्वतंत्र जागा मिळाली. १९८७ मध्ये व्याख्या सैल झाली. १९९४ मध्ये आस्परगर आत आलं. २०१३ मध्ये हे सगळे प्रकार एकाच नावाखाली आले. २०१३ च्या आधी नियम असा होता, की एका मुलाला ऑटिझम आणि एडीएचडी म्हणजे अतिचंचलता ही दोन्ही निदानं एकत्र द्यायची नाहीत. तो नियमही गेला. प्रत्येक बदलाला दार थोडं रुंद झालं आणि बाहेर उभी असलेली मुलं आत मोजली गेली.

दुसरी गोष्ट. १९९० मध्ये अमेरिकेच्या विशेष शिक्षणाच्या कायद्यात ऑटिझमचं नाव आलं. म्हणजे निदान असेल तर शाळेत मदत मिळणार. नावाला मदत जोडली, की आईबाप नाव मागायला पुढे येतात. त्यानंतर बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं, की १८ आणि २४ महिन्यांच्या प्रत्येक मुलाची ऑटिझमसाठी प्राथमिक चाचणी करा. शोधलं की सापडतंच.

तिसरी गोष्ट तर फार बोलकी आहे. २०२२ च्या ज्या मोजणीत ३१ मागे एक असं निघालं, त्याच मोजणीत टेक्सासमधल्या एका ठिकाणी हा आकडा १०३ मागे एक होता आणि कॅलिफोर्नियातल्या एका ठिकाणी १९ मागे एक. एकच देश, एकच वर्ष. हवा-पाण्याने एवढा फरक पडत नाही. पण एका ठिकाणी डॉक्टरांना लवकर ओळखायचं प्रशिक्षण असेल, तपासणी केंद्रं असतील आणि दुसऱ्या ठिकाणी नसतील, तर पडतो.

मग सगळी वाढ निव्वळ मोजणीची आहे का? तसंही म्हणता येत नाही. डेन्मार्कमधल्या २०१५ च्या एका अभ्यासात निघालं, की तिथल्या वाढीचा साधारण ६० टक्के भाग निदानाचे निकष आणि नोंदीची पद्धत बदलल्यामुळे होता. उरलेल्या भागात इतर कारणं असू शकतात. आईबापाचं वय जास्त असणं आणि खूप अपुऱ्या दिवसांची बाळं आता जगणं, या दोन गोष्टींचा ऑटिझमशी संबंध दिसलेला आहे. पण "अचानक साथ आली" असं म्हणायला पुरावा नाही. विहीर आधीपासून होती, सातबाऱ्यावर नोंद आता होतेय.

लस, गोळी, मोबाईल

आता रीलमधल्या यादीकडे येऊ. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरने १२ मुलांवरचा एक निबंध छापला आणि गोवराच्या एमएमआर लसीवर संशय घेतला. पुढे उघड झालं, की निबंधात गडबडी होत्या. २०१० मध्ये "लॅन्सेट" या नियतकालिकाने तो मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्डचं डॉक्टर म्हणून नाव काढून टाकलं गेलं. २०१९ मध्ये डेन्मार्कने ६,५७,४६१ मुलांचा अभ्यास छापला. ही लस घेतलेल्या मुलांत ऑटिझम जास्त नव्हता. लस साधारण त्याच वयात देतात ज्या वयात ऑटिझमची लक्षणं दिसायला लागतात, म्हणून डोळ्यांना संबंध वाटतो. आणि गोवर म्हणजे नुसते पुरळ नव्हे. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीकडे गोवराची साथ आली तेव्हा लहान मुलं दगावली.

पॅरासिटामॉल. २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनीच गरोदर बायकांना ही गोळी टाळायला सांगितलं आणि गोंधळ उडाला. पण २०२४ मध्ये स्वीडनमधल्या जवळपास २५ लाख मुलांचा अभ्यास आला होता. त्यात सख्ख्या भावंडांची तुलना केली, तेव्हा गोळीचा संबंध उरला नाही. गरोदरपणात ताप अंगावर काढणं चांगलं नाही, आणि कुठलीही गोळी डॉक्टरला विचारूनच घ्यायची. नियम साधा आहे.

मोबाईल. "व्हर्च्युअल ऑटिझम" हा शब्द तुम्ही ऐकला असेल. डॉक्टरांच्या निदान पुस्तिकेत असा आजार नाही. फार स्क्रीनमुळे बोलणं मागे पडू शकतं, हे खरं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की एक वर्षाच्या आत स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. तेव्हा मोबाईल काढून घ्या, चांगलंच आहे. पण "मोबाईल बंद केलाय, आता सहा महिने वाट पाहू" असं करू नका. मोबाईल बंद आणि तपासणी, दोन्ही एकाच आठवड्यात.

वाशिममध्ये बंजारा समाज मोठा आहे. घरात गोरमाटी, बाहेर मराठी, शाळेत इंग्रजी. "दोन-तीन भाषांनी पोरगं गोंधळलं" असं लोक म्हणतात. जास्त भाषांमुळे ऑटिझम होत नाही. उलट आईने आपल्या बोलीतच लेकराशी बोलावं. जी भाषा तिच्या काळजातून येते, तीच त्याला लवकर कळते.

आपल्याकडचा इतिहास

कॅनरच्या लेखाच्या पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, मुंबईत जय वकील शाळा सुरू झाली. होर्मसजी आणि जेरबानू वकील यांच्या मुलीला डाउन सिंड्रोम होता आणि तिला घेणारी शाळा नव्हती. म्हणून आईबापांनीच शाळा काढली. हा धागा पुढेही दिसतो. १९९१ मध्ये दिल्लीत मेरी बरुआ यांनी "अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम" सुरू केलं, त्याही ऑटिझम असलेल्या मुलाच्या आई. मुंबईत २००१ मध्ये डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी "उम्मीद" हे बालविकास केंद्र उभं केलं.

सरकारी कागदावर मात्र उशीर झाला. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात पहिल्यांदा नाव आलं. २००९ मध्ये "इसा" ही ४० मुद्द्यांची भारतीय चाचणी आली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार झाले आणि त्यात ऑटिझम स्पष्टपणे आला. अमेरिकेत जे १९९० मध्ये झालं, ते आपल्याकडे पंचवीस वर्षांनी. म्हणजे आपल्याकडचा आकडा आता कुठे वर चढायला लागला आहे, आणि पुढची काही वर्षं तो चढणारच. तो चढताना दिसला तर घाबरू नका.

२०१८ मध्ये भारतातल्या पाच ठिकाणचा मोठा अभ्यास छापून आला. त्यात आपल्या शेजारचा उत्तर गोवाही होता. दोन ते नऊ वर्षांच्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण साधारण शंभरात एक निघालं. अंगणवाडी आणि प्राथमिक शाळा धरून शंभर लेकरांचं गाव असेल, तर तिथे असं एखादं लेकरू असणं अगदी साहजिक आहे.

गोव्यात काय करून पाहिलं

"पण आमच्याकडे तज्ज्ञच नाहीत" हा प्रश्न येणारच. वाशिम हा केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. दर आठवड्याला थेरपीसाठी अकोला-नागपूर करायचं, ते पण सोयाबीन काढणीच्या दिवसांत, कोणाला परवडतं?

म्हणून गोव्याचा हा प्रयोग माहीत असू द्या. "संगत" या संस्थेने गोव्यात आणि जोडीने पाकिस्तानात रावळपिंडीला एकूण ६५ मुलांवर अभ्यास केला. तो २०१६ मध्ये छापला गेला. तज्ज्ञ नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्या पंधरा दिवसांतून एकदा पालकांबरोबर तासभर बसायच्या. आई आणि लेकरू खेळतानाचा व्हिडिओ काढायचा, मग दोघींनी तो बघायचा. लेकराने कधी बघितलं, कधी हात पुढे केला, तेव्हा आईने काय केलं. असं सहा महिने. शेवटी आईबाप लेकराच्या कलाने जास्त घ्यायला लागले होते आणि लेकरं आपणहून जास्त वेळा संवाद सुरू करत होती. ऑटिझम गेला नाही, तसा दावाही नव्हता. पण घरात, आईच्या हातून, मोठ्या मशीनशिवाय फरक पडतो हे दिसलं.

आता कामाचं बोलू

ऐकणाऱ्यांत बरेचजण विशी-पंचविशीचे आहेत. काहीजण नवे आईबाप आहेत. बाकीचे काका, मामा, आत्या, मावशी. घरात फॉर्म भरणारे आणि दवाखान्याचा नंबर शोधणारे तुम्हीच. म्हणून हे तुम्हाला.

काय बघायचं:
- वर्षाचं होऊनही नाव घेतल्यावर वळून बघत नाही.
- दीड वर्षापर्यंत बोटाने "ते बघ" असं दाखवत नाही.
- सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत "पाणी दे" सारखे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही.
- येत असलेले शब्द किंवा हसणं-खेळणं गमावलं. हे कुठल्याही वयात झालं तरी लगेच जायचं.
- डोळ्याला डोळा कमी देतो, गाडीचं फक्त चाक फिरवत बसतो, वस्तू ओळीत लावतो, हात फडफडवतो, मिक्सरच्या आवाजाने कान झाकतो.

एखादंच लक्षण दिसलं म्हणजे निदान झालं असं नाही. पण तपासणीला तेवढं कारण पुरे. मुलींत ही लक्षणं झाकली जातात आणि "लाजाळू आहे" म्हणून सुटतात, तिकडे जास्त लक्ष द्या.

"त्याचा बाप पण चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता." हे वाक्य प्रत्येक घरात आहे. पोपटाचा उष्टा पेरू पण खाऊ घालून होतो. आजीचं मन राखायला पेरू द्या, पण दवाखान्याची तारीख पुढे ढकलू नका. दोन वर्षांच्या आसपास अनुभवी तज्ज्ञ निदान करू शकतात, आणि मदत निदान होण्याआधीही सुरू करता येते.

कुठे जायचं: अंगणवाडी ताईंपासून सुरुवात करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. बाळाच्या वाढीतला उशीर तपासणं हे त्यांचंच काम आहे. पथक येण्याची वाट बघायची गरज नाही, सरळ जिल्हा रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांना भेटा आणि डीईआयसी, म्हणजे बालकांसाठीच्या लवकर उपचार केंद्राबद्दल विचारा. पहिली तपासणी कानाची करून घ्या. कधी कधी लेकराला ऐकूच येत नसतं आणि सगळे भलतीकडे शोधत असतात. जाताना दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ न्या. जेवताना, खेळताना, हाक मारताना. दवाखान्यात लेकरू वेगळंच वागतं, घरातला व्हिडिओ डॉक्टरांना खूप काही सांगतो.

निदान झाल्यावर दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डसाठी अर्ज करा. त्यावर शाळेतल्या सवलती, योजना आणि राष्ट्रीय न्यासाचा "निरामय" आरोग्य विमा मिळू शकतो. त्यात वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च धरला जातो. "कागदावर शिक्का बसेल" म्हणून अडू नका. गाव शिक्का आधीच मारतं, आणि त्या शिक्क्यावर योजना मिळत नाही.

काय टाळायचं: "ऑटिझम शंभर टक्के बरा" म्हणणारा कोणीही. स्टेम सेलच्या इंजेक्शनांसाठी लाखो रुपये मागतात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्येच सांगितलंय, की ऑटिझमसाठी ही उपचारपद्धती सुचवता येत नाही. त्यासाठी वावर विकू नका. पैसे आणि वेळ बोलण्याच्या थेरपीला, ऑक्युपेशनल थेरपीला आणि घरातल्या रोजच्या खेळाला द्या.

आणि शेवटचं, घरातल्या बाकीच्यांसाठी. त्या माऊलीला सल्ला देण्याआधी तिच्या लेकराला रोज दोन तास सांभाळा. तिला झोपू द्या, जेवू द्या. मन फारच खचलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

आजच्यापुरतं इथेच थांबतो. तुमच्या माहितीत असं एखादं घर असेल, तर हा भाग नुसता ग्रुपवर टाकू नका. त्या घरी जा, बसा आणि विचारा, "दवाखान्यात केव्हा जायचं? मी येतो सोबत." पुढच्या भागात भेटूच.